मंगल, दार आतून बंद होतं

मंगल, तुझ्या जलदानविधीला बँकेनं पुष्पचक्र आणलं.

शाखेचे मॅनेजर स्वतः आले होते, सोबत दोन जण आणि एक फोटोग्राफर. करमाडला तुमच्या गल्लीत गाडी शिरेना, म्हणून ते चौकात उतरले आणि ते चक्र दोघांनी दोन बाजूंनी धरून मंडपापर्यंत आणलं. पांढरा गुलाब, निशिगंध, वरून आडवी हिरवी पट्टी. पट्टीवर बँकेचं नाव मोठ्या अक्षरात, खाली तुझं बारीक, आणि तेही चुकलेलं. 'मंगला साळवी'. जन्मभर तू मंगल साळवे होतीस आणि नाव चुकलं की समोरच्याला जागच्या जागी दुरुस्त करायला लावायचीस.

भंतेजींची वंदना होईपर्यंत ते कडेला थांबले. मग दोन शब्द बोलले. "मंगलाताई पर्यावरणप्रेमी होत्या. आमच्या बँकेशी त्यांचं जिव्हाळ्याचं नातं होतं." हे शब्द त्यांनी जसेच्या तसे वापरले. चहाचा ट्रे माझ्याच हातात होता, आणि पहिला कप मी त्यांनाच दिला. हात आपोआप तिकडं वळला. बँकेतल्या एकतीस वर्षांची सवय.

ट्रे तसाच धरून मी उभी असताना तुझी लेक सुजाता उठली. तिनं ती हिरवी पट्टी टाचण्या काढून सोडवली, नीट गुंडाळली आणि मॅनेजरच्या हातात दिली. "हे तुमचं घेऊन जा. फुलं राहू द्या, फुलांनी काय केलंय." त्यांनी पट्टी खिशात घातली. फोटोग्राफरनं त्याचा फोटो काढला नाही.

आपल्या पथनाट्यातले युसूफभाई जाताना मला म्हणाले, "भाभी, तुम लिखो उसके बारे में. पन सच्ची लिखना, हौ?" म्हणून लिहायला बसलेय. खरं लिहायचं तर त्यात मी फार वाईट दिसणार आहे. दिसू दे.

आपली ओळख त्याच शाखेतली. बँकेचं नाव इथं लिहीत नाही, लिहिलं तर त्याचीसुद्धा ते जाहिरात करतील. चिकलठाण्याला मी तेव्हा काउंटरवर होते. तू अंगणवाडीच्या सात-आठ बायका घेऊन आलीस, सगळ्यांची खाती काढायची होती. आमच्या शिपायानं सवयीनं शाईचा पॅड पुढं सरकवला. तू पॅडचं झाकण लावलंस आणि तो परत त्याच्या हातात दिलास. "सह्या येतात सगळ्यांना. पेन द्या." सगळ्यांना येत नव्हत्या. तुमच्यातल्या शेवंताबाईला अंगठाच माहीत होता. तिला तू बाकावर बसवलंस, पावतीच्या पाठीमागं तिचं नाव गिरवायला लावलंस, आणि जेवणाची सुट्टी सुरू झाली तरी मी काउंटर बंद केला नाही, कारण तू माझ्याकडं बघत होतीस. शेवंताबाईची पहिली सही मी तपासली. 'शे'ची मात्रा राहिली होती. मी तशीच पास केली. बाहेर जाताना तू म्हणालीस, "मॅडम, तुम्ही बऱ्या आहात." तेवढ्यावर पुढची बावीस वर्षं निघाली.

तुझे वडील जलशात गायचे. डफ त्यांचा होता, तो नंतर तुझ्याकडं आला. मी एकदा तुला नाट्यगृहात घेऊन गेले होते, चांगली दोन तिकिटं काढून. मध्यंतरात तू कंटाळून बाहेर पायऱ्यांवर बसलीस. "आमच्यात नाटक दारात येतं," म्हणालीस. "आपण त्याच्याकडं जात नाय." मला तेव्हा राग आला होता. मला वाटलं, हिला चांगल्या गोष्टींची आवड नाही. बघ, असं मी काय काय वाटून घेतलंय तुझ्याबद्दल.

मी निवृत्त झाले त्या वर्षी तू मला सुजाताच्या सासरी नेलंस. नातवाचा दुसरा वाढदिवस होता. गावाच्या पलीकडं थर्मलची, कोळशावरच्या वीजकेंद्राची, चिमणी दिसत होती, पण मला आधी दिसल्या त्या मच्छरदाण्या. गच्च्यांवर, अंगणात, भर दुपारी, उन्हात. मी विचारलं तर सुजाता म्हणाली, "खाली कुरडया आहेत, मावशी. दोन पदर टाकावे लागतात, तरी राखेची कच येतेच." सकाळी झाडलेल्या ओट्यावर दुपारी बोटानं नाव लिहिता येत होतं. आणि त्या घरात बाबासाहेबांच्या फोटोशेजारी फळीवर वाफेचं मशीन होतं, लहान मुलांच्या छातीला देतात ते. मला वाटलं बाळ आजारी आहे. सुजाता म्हणाली, "नाही, तसा बरा आहे. सगळ्यांकडं असतं." आपल्याकडं घरोघर मिक्सर असतो तसं त्या गावात ते मशीन होतं. केक कापून झाल्यावर बाळाला तो मुखवटा लावला. त्यानं रडूनसुद्धा दाखवलं नाही, सवयीनं मान वर केली.

परतीच्या बसमध्ये तू खिडकीशी होतीस.

"हे थर्मल कोण चालवतं?"

"कंपनी."

"तिला पैसा कोण देतं?"

"बँका. चार-पाच मिळून देतात."

"कोणत्या?"

मी पर्समध्ये काहीतरी शोधायला लागले.

"निर्मला, कोणत्या?"

"आमचीपण आहे त्यात."

"तुमची म्हंजी? जिथं शेवंताबाईनं सही केली ती?"

"हो."

मला हे माहीत होतं, मंगल. बँकेच्या गृहपत्रिकेत फोटो आला होता, थर्मलच्या नव्या संचाला कर्ज देतानाचा. शाली, नारळ, हसणारी माणसं. त्याच अंकात शेवटच्या पानावर माझ्या निवृत्तीचा फोटो होता, म्हणून तो अंक मी जपून ठेवला होता. मी तुला समजवायला लागले की पैसा असा वेगळा काढता येत नाही, कुणाचा कुठं गेला हे सांगता येत नाही, ठेवी एकत्र असतात. तू ऐकून घेतलंस. मग म्हणालीस, "म्हंजी समद्यांचाच जातो. शेवंताबाईचा बी. तिच्या पैशानं माझा नातू धापा टाकतो, अन् तिला कुणी सांगितलंबी नाय."

पुढच्या आठवड्यात तू डफ घेऊन माझ्या सिडकोच्या फ्लॅटवर आलीस.

'ठेव' हे नाटक आपण माझ्या दिवाणखान्यात बसवलं. बारा-तेरा मिनिटांचं. एक म्हातारी आपली ठेव काढायला बँकेत येते, साहेब तिला टोकन देतो, बसवतो, उठवतो, पुन्हा बसवतो, आणि शेवटी तिच्या ओंजळीत राख ओततो. म्हातारी म्हणते, "साहेब, मी पैसे ठेवले व्हते." साहेब म्हणतो, "हेच ते. वाढून आलेत." म्हातारी तू. साहेब मी. युसूफभाई एसटीतून निवृत्त झालेले, आयुष्यभर बस चालवलेली, त्यांचा आवाज डिझेल इंजिनाच्या वर जायचा, म्हणून गर्दी जमवायचं काम त्यांच्याकडं. प्रणाली कॉलेजातली, ती निवेदन करायची. राख खरी होती. सुजातानं आपल्या गच्चीवरची झाडून पिशवीत भरून दिली होती. माझ्या यजमानांचा लग्नातला काळा कोट मी साहेब म्हणून घालायचे.

पहिला प्रयोग गुलमंडीवर झाला. लोक थांबले, कारण युसूफभाई ओरडत होते, "आओ रे आओ, अपना पैसा कां गया देखके जाओ!" राख ओतल्यावर पुढं बसलेल्या एका बाईनं "अगं बाई" म्हणून तोंडाला पदर लावला. प्रयोग संपल्यावर एक गृहस्थ मला कडेला घेऊन अगदी हळू आवाजात विचारायला लागले, "मॅडम, माझी पण तिथंच एफडी आहे, काढून घेऊ का?" तू हसून हसून खाली बसलीस.

टी. व्ही. सेंटरला तो माणूस आठवतो? मोटरसायकलवर बसूनच बोलत होता. "वीज नको का तुम्हाला? घरचा पंखा बंद करा आधी, मग या शिकवायला." मी इंग्रजी शब्दांत उत्तर द्यायला लागले होते. तू मला मागं सारलंस. "दादा, पंखा चालू ठिवा. लई उकडतं. माझं विजेशी भांडण नाय. आपल्याकडं उनाचा काय दुष्काळ हाय का? त्याच्यावर बी वीज व्हते. त्याला पैसा देताना बँकेचा हात का आखडतो, एवढंच इचारते." तो गेला नाही, गाडी स्टँडला लावून तुझ्याशी अर्धा तास बोलत बसला. मला लोकांना गप्प करायचं असायचं. तुला त्यांच्याशी बोलायचं असायचं.

आता ते भांडण. ते आपण कधी मिटवलं नाही.

डिसेंबरात तालमीच्या वेळी तू म्हणालीस, "दर खेपेला म्हातारी मीच का? एकदा साहेब मी व्हते, तू हो म्हातारी." मी हसले. म्हणाले, "अगं, तुला साहेब शोभणार नाही. भाषा बघ की तुझी. लोकांना पटायला पाहिजे."

प्रणाली एकदम मोबाइलमध्ये बघायला लागली. युसूफभाईंनी ढोलकीची दोरी आवळायला घेतली, ती आधीच आवळलेली होती.

तू म्हणालीस, "व्हय. बरोबर हाय तुमचं, मॅडम."

बावीस वर्षांत तू मला मॅडम म्हणणं केव्हाच सोडलं होतंस. त्या दिवशी पुन्हा म्हणालीस. घरी गेल्यावर मी स्वतःला सांगितलं की माझा तसा काही अर्थ नव्हता, मी फक्त नाटकाचं बोलत होते. मंगल, तसाच अर्थ होता. माझ्या माहेरी देशमुखीचा वारा होता, सासरीही तेच. मी तुझ्या ताटात जेवले, तुला माझ्या घरात पंगतीला बसवलं आणि त्याबद्दल मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली. पण खुर्चीवर तू बसलेली मला दिसेना. म्हातारी म्हटलं की तू दिसायचीस, साहेब म्हटलं की मी. हे मी तुला सांगायला हवं होतं. दुसऱ्या तालमीला तू नेहमीसारखी आलीस, नेहमीसारखी भाकरी-ठेचा आणलास, आणि मला वाटलं, सुटले.

सगळीकडं प्रयोग झाले. औरंगपुऱ्यात, रेल्वे स्टेशनवर, अजिंठ्याच्या बाजारात. एकच जागा राहिली होती, माझी जुनी शाखा. तू दोन-तीनदा विषय काढलास. मी प्रत्येक वेळी काहीतरी सांगितलं. मुलगी येणार आहे. गुडघा दुखतोय. शेवटी मे महिन्यात तू म्हणालीस, "मंगळवारी अकराला करायचं. बँकेत गर्दी असती. तुला यायचं तर ये." मी म्हणाले, येते.

आता जे लिहितेय ते युसूफभाईंनाही माहीत नाही.

रविवारी मला मॅनेजरांचा फोन आला. ते एके काळी माझ्या हाताखाली होते, मीच त्यांना लेजर शिकवलं. "मॅडम, तुम्ही आमच्याच. बाकी कुठंही करा, पण शाखेसमोर तेवढं नको. वरून विचारणा होते. नवीन मुलंमुली आहेत, घाबरतात." मी म्हणाले, "मी येणार नाही हो." त्यांनी विचारलं, "पण ते करणार आहेत का? म्हणजे आम्हाला तयारी." आणि मी सांगितलं. मंगळवारी, अकराला. मला वाटलं, ते पोलिसांना न बोलावता समजुतीनं घेतील. छे, असलं काही वाटलं नव्हतं. मला त्यांच्या नजरेत चांगलं राहायचं होतं. निवृत्तांच्या स्नेहमेळाव्यात त्यांनी मला पुढच्या रांगेत बसवलं होतं. तेवढ्यासाठी.

मंगळवारी सकाळी मी तुला फोन केला. डोकं दुखतंय म्हणाले. तू म्हणालीस, "बरं, पड तू. कोट तेवढा प्रणालीजवळ दे."

पुढचं मला प्रणालीनं आणि युसूफभाईंनी सांगितलं. ऊन असं की डांबर चपलेला चिकटत होतं. झाड नाही, रस्ता रुंद करताना तिथली कडुलिंबं गेली. प्रणाली म्हातारी झाली. साहेब तू झालीस. युसूफभाई म्हणतात, "भाभी, क्या साब बनी थी वो! मैं तो डर गया." तुझी तीच भाषा होती, आणि लोकांना ती पटली. तू टोकन देताना त्या माणसासारखी मान तिरकी करत होतीस, जो कुणाकडं सरळ बघत नाही. लोक हसत होते. बँकेच्या काचेआडून आतली गिऱ्हाइकंही बघत होती, थंड हवेत, हातात टोकन धरून.

तुम्ही सुरू केलं तेव्हाच आतलं शटर अर्धं खाली आणलेलं होतं. तयारी.

राख ओतायच्या आधी तुझा तोल गेला. लोकांना तो नाटकातलाच भाग वाटला, दोघांनी टाळ्या वाजवल्या. तू अंगातला कोट काढायचा प्रयत्न करत होतीस आणि तुला बटण सापडत नव्हतं. युसूफभाईंनी तुला उचलून बँकेच्या पायऱ्यांवर आणलं. दोन पावलांवर काचेच्या आत सावली होती, थंडावा होता, पाण्याचा कूलर होता. युसूफभाईंनी काचेवर हात मारला. "दरवाजा खोलो, औरत गिर गई!"

शटर पूर्ण खाली आलं.

आतून. माणसं बघत असताना. प्रणाली म्हणते, शेवटच्या वीतभर फटीतून तिला आतले बूट दिसत होते, रांगेत उभे. कुणी हललं नाही. त्याच फटीशी कुणाचा तरी मोबाइल आला आणि व्हिडिओ काढायला लागला.

शेजारच्या रसवंतीवाल्यानं बर्फ आणला. रिक्षावाल्यानं तुला नेलं. डॉक्टर नंतर म्हणाले, साखर होती, हृदय आधीच थकलेलं होतं, त्या पाच-दहा मिनिटांनी फारसा फरक पडला नसता. हे वाक्य मॅनेजरांपर्यंत कुणी पोचवलं माहीत नाही, पण मंडपात तेही ते बोलून गेले, हळहळत. फरक पडला नसता. मला शिसारी या वाक्याची येते. तहानेल्या माणसाला पाणी देताना कुणी फरकाचा हिशेब करतं का? आणि ज्यांना हा हिशेब येतो, त्यांना त्या गावातल्या गच्चीवरच्या मच्छरदाण्या कशा दिसतील? कर्ज मंजूर करताना त्यांनी तिथंही शटर ओढलंच असणार. आत थंड बसून. मी आत असतेच तर मी काय केलं असतं, हेही मला माहीत आहे. मी बूट घालत नव्हते एवढंच, चपला असत्या.

दवाखान्यात मी दुपारी पोचले. कोट एका प्लास्टिकच्या पिशवीत घालून त्यांनी माझ्याकडं दिला, त्याला राख लागलेली होती. तू शुद्धीवर होतीस, थोडी. ओठ सुकलेले होते. मी जवळ बसले, तुझा हात धरला. मला सगळं सांगायचं होतं, रविवारचा फोन, डिसेंबरची तालीम, सगळं. तू माझ्याकडं बघितलंस आणि विचारलंस,

"डोकं थांबलं का तुझं?"

मी हो म्हणाले.

तू मान हलवलीस. मग नर्सनं मला बाहेर काढलं. दुसऱ्या दिवशी पहाटे तू गेलीस.

त्या 'हो'चं मी काय करू, मंगल? गेले वीस दिवस मी तो गिळतेय आणि तो वर येतोय.

जलदानविधीनंतर चार दिवसांनी मी करमाडला गेले आणि सुजाताला सगळं सांगितलं. ती तुझी भांडी आवरत होती. ऐकून घेतलं. मला वाटलं, रडेल, नाहीतर मला घराबाहेर काढेल. तिनं पातेली एकात एक घातली आणि म्हणाली, "मावशी, हे मला कशापायी सांगितलं? तुमचं हलकं झालं. माझं जड झालं." मी उठले. दारापर्यंत ती आली नाही. तू असतीस तर आली असतीस, कितीही भांडलो तरी यायचीस, पण ती तू नाही आणि तिनं यायचं काही कारणही नाही.

आठ दिवसांनी तिचा फोन आला. कसं आहे, काय आहे, काही नाही.

"नाटक बंद करणार का तुम्ही?"

मी म्हणाले, कळत नाही.

"साहेब मी करते. तुम्ही म्हातारी व्हा." मग म्हणाली, "मी तुम्हाला माफ केलं असं समजू नका. आईचं काम अर्धं राहिलंय म्हणून."

मी म्हणाले, "नाही समजत."

काल आम्ही तालीम केली. सुजाता खुर्चीवर बसली. मी खाली, ओंजळ पुढं करून. मंगल, खालून तो साहेब फार मोठा दिसतो. तू एवढे प्रयोग त्या जागेवरून केलेस, आणि मी प्रत्येक वेळी वरून तुझं भांग पाडलेलं डोकं बघत होते. सुजातानं राख ओतली तेव्हा ती गार असेल असं मला वाटलं होतं. गच्चीवर तापलेली पिशवी तिनं तशीच आणली होती, चांगलीच गरम होती.

आज सकाळी मी शाखेत गेले. माझी पेन्शन याच बँकेची, ती मरेपर्यंत सुटणार नाही, माझ्या ताटातलं अन्न तिथूनच येतं आणि हेही मी विसरणार नाही. पण ठेवी तरी काढून घ्यायच्या होत्या. भिंतीवर नवी पोस्टर्स लागलीत, हिरवं पान, हसरं कुटुंब. त्याच्या शेजारी मॅनेजरांची केबिन. ते मला बघून उठले, मी हात जोडले आणि काउंटरकडं गेले.

काउंटरवर नवी मुलगी होती, सव्वीस-सत्तावीसची. फॉर्म बघून म्हणाली, "मॅडम, मुदत संपायला थोडेच महिने राहिलेत, नुकसान होईल." मी म्हणाले, होऊ दे. तिनं विचारलं, "कारण काय लिहू? वैयक्तिक लिहिते." मी म्हणाले, "नको. लिही, यातून कोळसा जळतो म्हणून." तिनं पेन खाली ठेवलं. इकडं तिकडं बघितलं. केबिनकडं बघितलं.

"मॅडम, त्या दिवशी मी होते इथं. शटरचं बटण मीच दाबलं. साहेब म्हणाले, दाब, म्हणून दाबलं." तिचे ओठ कोरडे पडले होते. "त्या बाईंना मी ओळखत होते. माझ्या आईचं खातं त्यांनीच काढून दिलं होतं."

ती माझ्या तोंडाकडं बघत राहिली. मी काहीतरी बोलेन म्हणून. तिची किळस यावी असं मला फार वाटलं, सोपं झालं असतं. आली नाही. मी तिला एवढंच म्हणाले, "साहेबांना वेळ सांगितली ती मी."

तिला ते कळायला जरा वेळ लागला. मग तिनं फॉर्मवर मी सांगितलं तसं कारण लिहिलं, कोळसा हा शब्द काना-मात्रेसकट नीट, आणि शिक्का मारला.

"परत करणार का नाटक?" तिनं विचारलं.

"करणार."

"कुठं?"

"इथंच. पायऱ्यांसमोर."

"कधी?"

"मंगळवारी. अकराला."

तिनं काउंटरवरचा एक चिटोरा ओढला आणि त्यावर ते लिहून घेतलं. मॅनेजरांना दाखवायला की दार उघडायला, ते मंगळवारी कळेल.